कीर्तनकार बुवांना आणि मराठीच्या सर-मॅडमना खुलं पत्र: अभंगातला ‘मी’ बदलू नका

बुवा, महाराज, ताई, आणि शाळा-कॉलेजात मराठी शिकवणारे सर, मॅडम,

सगळ्यांना रामकृष्णहरी.

पत्र दोघांना एकत्र लिहितोय कारण संतांची कविता आमच्यापर्यंत पोचते ती तुमच्याच तोंडून, एकतर सप्ताहाच्या मांडवात नाहीतर वर्गात, आणि गाथा स्वतः उघडून वाचणारे गावात किती असतात ते तुम्हालाही माहितीय. त्यामुळे तुम्ही जो अर्थ सांगता तोच गावाचा अर्थ होतो, आणि तो ऐकणाऱ्याला कसा लागतो हे तुम्हाला कोणीतरी सांगायला पाहिजे.

मला लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायाला कॅलिपर आहे, म्हणजे पाय सरळ धरणारा पट्ट्यांचा आधार, आणि हातात कुबडी. आणि अभंगावर जीव आहे. संतांच्या कवितेत आंधळा, पांगळा, बहिरा, मुका आला की त्याचा अर्थ ठरलेला असतो. आंधळा म्हणजे अज्ञानी, पांगळा म्हणजे परमार्थाच्या वाटेवर ज्याला चालता येत नाही तो, बहिरा म्हणजे हरिकथा न ऐकणारा, मुका म्हणजे नाम न घेणारा. रूपक आहे, दोन मार्काला येतं, पुढचं कडवं घ्या. हा अर्थ चूक नाहीये. पण तो इतक्या घाईत सांगितला जातो की कवितेतलं माणूस तिथेच संपतं, आणि मग मांडवात किंवा बाकावर जो खरोखर आंधळा किंवा पांगळा बसलेला असतो त्याच्याकडे सगळे वळून बघतात. माझ्याकडे बघितलंय, शाळेत पण आणि नंतर पण.

म्हणून मला जे म्हणायचंय ते आधीच म्हणतो. या सगळ्या कविता ‘मी’मध्ये आहेत. पांगुळ झालो, बहिरा झालो, मुका झालो, माझे दोन्ही डोळे आंधळे. ज्यांचे हातपाय धड होते त्या संतांनी हे स्वतःबद्दल म्हटलंय. तुम्ही अर्थ सांगताना त्या ‘मी’चा ‘तो’ करता, आणि कधीकधी तर समोर बोट दाखवून ‘तू’ करता. तेवढं करू नका. बाकी सगळं पत्र याच एका गोष्टीसाठी आहे.

तुकोबांचं पांगुळाचं पद घ्या.

‘पांगुळ जालों देवा नाहीं हात ना पाय ।
बैसलों जयावरी सैराट तें जाय ।
खेटितां कुंप कांटी खुंट दरडी न पाहे ।
आधार नाहीं मज कोणी बाप ना माये ॥’

हे आधी जसंच्या तसं वाचा, अर्थाकडे पळू नका. एक माणूस कशावर तरी बसलाय, बैल असेल, घोडं असेल, आणि ते उधळलंय. धरायला हात नाहीत, उडी टाकायला पाय नाहीत. ते कुंपणाच्या काट्यांना घासत चाललंय, मध्ये खुंट आला तरी थांबत नाही, दरड आली तरी बघत नाही, आणि वर बसलेल्याने ओरडण्यापलीकडे काही करायचं राहिलेलं नाही. ज्याने आयुष्यात कधी दुसऱ्याच्या भरवशावर प्रवास केलाय, म्हणजे कुणाच्या बाईकवर मागे बसून, कुणाच्या पाठीवर बसून, एसटीच्या पायरीवर कुणीतरी उचलून ठेवल्यावर, त्याला ही भीती अंगात कुठे बसते ते माहिती असतं. वेग आपल्या हातात नसतो. थांबायचं कुठे तेही आपल्या हातात नसतं. तुकोबांना हे कुणाकडे बघून कळलं मला माहीत नाही, पण हे कुणाकडे तरी नीट बघितल्याशिवाय लिहिता येत नाही.

मग खुशाल सांगा की ते सैराट जाणारं म्हणजे मन, इंद्रियं, संसार. पण तो दुसरा अर्थ उभा राहतो तो पहिल्याच्या खांद्यावर. वर्गातल्या पोरांना आधी त्या उधळलेल्या जनावरावर बसवा, काटे लागू द्या, मग मनाचं सांगा, पोरं जन्मात विसरणार नाहीत.

आणि पुढे धृपदात तो काय मागतो ते बघा. ‘दाते हो दान करा । जातें पंढरपुरा । न्या मज तेथवरी ।’ पैसा मागत नाहीये, भाकरी मागत नाहीये. तुम्ही पंढरपूरला निघालाच आहात ना, मग मला तिथवर न्या, एवढंच मागणं. ज्या वाटेने सगळे चाललेत त्याच वाटेने जायचंय, सोबत पाहिजे. आणि पुढच्या कडव्यात तक्रार आहे की येरझारा घालून शिणलो पण ‘न मिळेचि दाता कोणी’. म्हणजे रस्ता भक्तांनी भरलेला आहे, टाळ वाजतायत, आणि तरी नेणारा कोणी नाही. यात धर्माच्या ढोंगाबद्दल एक शब्द न बोलता सगळं बोलून झालंय की नाही? मी ऐकलेल्या एकाही कीर्तनात या ओळीवर कुणी थांबलेलं नाही. सगळे पुढच्या ‘पांगळां पाय देतो नांदे पंढरपुरीं’वर जातात, कारण तिथे विठ्ठलाचा गजर करता येतो.

आता हे पण पोरांना सांगायला पाहिजे की पांगूळ हा लोकांच्या ओळखीचा होता. वासुदेव जसा पहाटे यायचा तसा पांगूळही पहाटे यायचा, झाडावर नाहीतर भिंतीवर बसून दान मागायचा, देणाऱ्याला आशीर्वाद द्यायचा. सूर्याचा सारथी अरुण, जो मांड्यांशिवाय जन्मला अशी गोष्ट आहे, त्याच्याशी या पांगुळाचं नातं लोक जोडतात. पांगुळ नावाची जमात महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत आजही आहे, हेळवे नावाची भिक्षेकरी जमात पण त्याच यादीत आहे. तुकोबांच्या गाथेत वासुदेव, गोंधळ, सौरी, पांगूळ असे सगळे दारावर येणारे आवाज आहेत, एकनाथांच्या भारुडात तर पूर्ण गावच आहे. संतांनी हे आवाज उचलले ते दारावरच्या खऱ्या माणसांकडून. ज्याला लोक उंबऱ्यावरूनच पुढे हो म्हणायचे त्याचा गळा घेतला आणि त्यातून देवाशी बोलले. हे केवढं धाडस आहे, हे कुणी पोरांना सांगतं का?

इथे एक कायद्याची गोष्ट सांगतो, विषयाला धरूनच आहे. आपल्याकडे मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ आहे. त्यात भीक मागण्याची जी व्याख्या आहे तिच्यात सार्वजनिक जागी गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून भिक्षा मागणं येतं, आणि भिक्षेसाठी जखम, व्यंग किंवा रोग उघडा करून दाखवणं पण येतं. म्हणजे तुकोबांनी ज्याचा आवाज घेतला तो पांगूळ, गाणं म्हणणारा आणि आपलं व्यंग बोलून दाखवणारा, आज पहाटे शहरातल्या चौकात उभा राहिला तर कायद्याच्या भाषेत तो आरोपी आहे. २०१८ साली दिल्ली हायकोर्टाने दिल्लीपुरती या कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली, गरिबीला गुन्हा ठरवता येत नाही असं म्हणून. सर, मॅडम, वर्गात ही चर्चा ‘पांगुळ’ शिकवताना झाली तर कविता आणि आजचं जग यांच्यात पोरांना पूल मिळेल, अवांतर म्हणून सोडू नका.

आता जी ओळ सगळ्यात जास्त दुखते तिच्याकडे येतो. ज्ञानेश्वरांच्या अभंगगाथेत आंधळ्याचं पद आहे, त्याची सुरुवात ‘पूर्वजन्मीं पाप केलें तें हें बहु विस्तारिलें’. पुढे विषयसुखाचं तिमिर, चौऱ्याऐंशी लक्ष योनींचं दुःख, आणि मग ‘ज्ञानदृष्टि हारपली दोन्ही नेत्र आंधळे’. आमच्याकडच्या एका सप्ताहात एका बुवांनी हीच ओळ घेतली होती. माईकवरून म्हणाले, बघा, मागच्या जन्मी कुणाला लाथ मारली असेल त्याचे या जन्मी पाय जातात, कुणाकडे वाकडं बघितलं असेल त्याचे डोळे जातात. लोकांनी माना डोलावल्या. माझी आई बायकांमध्ये बसली होती, तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि कीर्तन संपेपर्यंत वर बघितलं नाही. माझ्या पायाला विषाणू कारण आहे हे तिला डॉक्टरांनी कधीच सांगितलं होतं, पण त्या रात्री तिला परत वाटलं की आपल्याच पोटी हे पाप आलं. बुवा, तुमच्या तोंडून निघालेलं वाक्य एवढं लांब जातं.

आणि अभंगात तसं नाहीच आहे. ओळ परत वाचा. पाप कुणी केलं? बोलणाऱ्याने. चौऱ्याऐंशी लक्ष योनी कोण फिरलं? त्या हिशोबाने तर सगळेच, समोर बसलेले पण आणि माईकवर उभे असलेले पण, डोळे असलेले पण. हारपली काय? ज्ञानदृष्टी. म्हणजे इथे जे आंधळेपण आहे त्यातून कीर्तनकार स्वतःला बाहेर काढूच शकत नाही, ‘मी’ म्हणताना तो स्वतःच आत आहे. ‘मी’चा ‘तू’ केला की नम्रतेची ओळ शिक्षेची ओळ होते, शब्द तेच राहतात पण बोलणारा वर चढून बसतो. आणि ज्ञानेश्वरांच्या नावावर तरी हे करू नये. आईबापांनी काय केलं म्हणून ज्या चार भावंडांना वाळीत टाकलं गेलं, संन्याशाची पोरं म्हणून हिणवलं गेलं, त्यांच्या घरातली ही कविता आहे. दुसऱ्याच्या पापाचा हिशोब लेकरांच्या अंगावर कसा चिकटवतात हे त्या घराइतकं कुणाला कळलं असेल?

त्या पदाचं धृपद पण किती सुंदर आहे, ‘धर्म जागो सदैवांचा जे बा परउपकारी’. भिक्षेकऱ्याचीच हाळी आहे ही, तुमचा धर्म जागा होवो. ‘धर्म गा जागो तुझा’ असं तुकोबांच्या आंधळ्याच्या पदात पण येतं, तिथे तर तो थेट विठोबालाच म्हणतोय, ‘आंधळ्यापांगळ्यांचा एक विठोबा दाता’. जरा विचार करा, आंधळा रस्त्यावर उभा राहून डोळस माणसांना सांगतोय की तुमचा धर्म झोपलाय, जागा होऊ दे. यात दया कोण कुणावर करतंय?

नाथांच्या भारुडांकडे आता. पैठणचे एकनाथ, १५३३ ते १५९९ चा काळ, घरात विद्या, मान, सगळं. त्यांचा मुका कोण आहे माहितीय का? गावातला कुणी गरीब नाही. ‘मुका झालो वाचा गेली’ म्हणून सुरू होतं आणि पहिल्याच कडव्यात तो सांगतो, ‘होतो पंडित महाज्ञानी’, दशग्रंथ, षट्शास्त्र, पुराणं, चारी वेद मुखोद्गत, आणि ‘गर्वामध्ये झाली सर्व हानी’. पुढे जिभेला तुपासाखरेची चटक लागल्याचं आहे, साधुसंतांची निंदा केल्याचं आहे. म्हणजे ज्याची जीभ गावात सगळ्यात जास्त चालायची त्याचीच नाथांनी वाचा बंद केली. नाथ स्वतः त्याच पंडितांच्या वर्गातले होते, म्हणून हा ‘मी’ अजून धारदार आहे, आपल्याच जातभाईंच्या पंगतीत बसून आपल्याच तोंडाबद्दल बोललेत.

आणि आज स्टेजवर हे भारूड कसं होतं? मुका म्हणून जो पोरगा येतो तो फाटके कपडे घालून, तोंड वाकडं करून, आं आं ऊं ऊं करत येतो, आणि प्रेक्षक हसून लोळतात. पंडित कुठे गेला? वेद मुखोद्गत असणारा, चांगल्या धोतर-उपरण्यातला, मान ताठ असलेला माणूस स्टेजवर यायला पाहिजे आणि बोलायला तोंड उघडल्यावर त्याचा आवाज निघत नाही, ही खरी त्या भारुडाची जागा आहे. भारूडकार मंडळींना हात जोडून सांगतो, फाटका वेश काढा, उपरणं द्या, बघा प्रेक्षक कसे गप्प होतात आणि मग कसे हसतात. ते हसणं नाथांना पाहिजे होतं. मुक्या माणसाच्या आवाजाची नक्कल करून मिळणारं हसू तर शाळेच्या मैदानात आम्ही रोज ऐकलेलं आहे, त्यासाठी नाथ कशाला पाहिजेत.

‘बहिरा झालों या या जगीं’चं पण तसंच. ‘नाहीं ऐकिलें हरिकीर्तन’, बापाच्या शब्दाकडे पाठ केली, आईने हाक मारली तेव्हा ओ दिली नाही. हे सगळं कान शाबूत असलेल्या माणसाचं वर्णन आहे. ज्याला ऐकूच येत नाही त्याने आईला ओ दिली नाही असा आरोप कसा होईल. म्हणून हे भारूड सांगताना एवढं तरी म्हणा की नाथ बोलतायत ते ऐकू येणाऱ्यांबद्दल. आणि जो खराच कर्णबधिर आहे त्याने हरिकीर्तन ऐकलं नाही तर चूक त्याची कशी? मोठाल्या सप्ताहात साउंड सिस्टीम येते, एलईडी स्क्रीन येते, ड्रोन येतो, एक खुणांच्या भाषेत सांगणारा माणूस येत नाही. तो आणला तर माझ्या मते महाराष्ट्रात कित्येक लोक पहिल्यांदा कीर्तनाला येतील.

तुकोबांचं ‘ऐसे कैसे जाले भोंदू’ सगळ्यांना पाठ आहे. ‘अंगा लावूनियां राख । डोळे झांकुनी करिती पाप ॥’ मी हे नेहमी आंधळ्याच्या पदाशेजारी ठेवून वाचतो. तिकडे डोळे नसलेला माणूस डोळे मागतोय, इकडे डोळे असलेला माणूस ते मिटून घेतोय, आणि लोक त्याला ध्यान म्हणतायत. दोन्ही कविता शेजारी ठेवल्या की कळतं संतांचा राग कुणावर आहे, आणि तो राग शरीराच्या व्यंगावर एका ठिकाणी पण नाहीये. वर्गात या दोन कविता एकत्र शिकवा ना. एक सातवीत, एक अकरावीत अशा वेगळ्या आल्या तर पोरांना ही जोडी कधीच दिसत नाही.

गरिबीचं थोडं वेगळं आहे, तिथे तुकोबांचा ‘मी’ उसना नाही. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ त्यांनी घरात सोसलाय. ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥’ यात रूपक शोधूच नका, नाहीये. वाण्याचं घर, सावकारी, महाजनकी, आणि बायको भुकेने गेली. आधी पैसा गेला, त्याच्याबरोबर मान गेला, मग माणूस गेलं, या क्रमाने ओळ लिहिलीय आणि गरिबी याच क्रमाने येते, ज्यांच्या घरी आलीय त्यांना विचारा. नंतर कर्जखतं इंद्रायणीत बुडवली अशी आठवण परंपरा सांगते, भावाच्या वाट्याची भावाला देऊन आपल्या वाट्याची बुडवली. हे सांगताना कीर्तनात वैराग्य सांगितलं जातं, पण ज्यांची नावं त्या कागदांवर होती त्या कुणब्यांच्या घरी त्या दिवशी काय झालं असेल ते पण सांगा. ज्या राज्यात कर्जापायी शेतकरी जीव देतात तिथे ही गोष्ट फक्त वैराग्याची म्हणून कशी सांगता येते मला कळत नाही.

हेच तुकोबा दुसरीकडे म्हणतात, ‘भिक्षापात्र अवलंबिणें । जळो जिणें लाजिरवाणें ॥’ ही ओळ गरीब भिकाऱ्यावर फेकली जाते, मी ऐकलंय, सिग्नलवर हात पसरणाऱ्या म्हातारीकडे बघून एका सुशिक्षित माणसाने ही ओळ म्हटली. पण जो कवी ‘दाते हो दान करा’ असं पांगुळाच्या तोंडून मागतो तोच हे लिहितो, म्हणजे दोन मागण्यांमध्ये त्याला फरक दिसतोय. वेश घालून, देवाचं नाव विकून, हातीपायी धड असून धर्माच्या नावाने जगणं त्याला लाजिरवाणं वाटतं. उपाशी माणसाने मागणं त्याला लाजिरवाणं वाटत असतं तर ‘जे कां रंजले गांजले । त्यासि म्हणे जो आपुले ॥’ त्याने लिहिलंच नसतं. एक ओळ सुटी उचलायची आणि गरिबाला मारायची, याला अर्थ सांगणं म्हणत नाहीत.

उसन्या ‘मी’चं बोललो तर चोखोबांचं घ्यायलाच पाहिजे. नाथांनी महाराच्या तोंडून जोहार, म्हणजे महाराने घालायच्या नमस्काराची पदं, लिहिले, पैठणच्या ब्राह्मणाने त्या काळात हे केलं याचं मोल मोठं आहे. पण चोखोबा जेव्हा म्हणतात ‘जोहार मायबाप जोहार । तुमच्या महाराचा मी महार । बहु भुकेला जाहलो । तुमच्या उष्ट्यासाठी आलो ॥’ तेव्हा त्या भुकेत आणि रूपकात बोटभर पण अंतर राहत नाही. उष्टं हे खरं उष्टं आहे. आणि ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा । काय भुललासी वरलिया रंगा ॥’ हा अभंग मी स्वतःसाठी पाठ केलेला आहे, ऊस वाकडा, कमान वाकडी, नदी वाकडी, आणि शेवटी ‘चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा’. वाकडं आहे हे तो नाकारत नाही, झाकत नाही, गोड शब्दाने रंगवत नाही, वाकडाच आहे म्हणतो आणि पुढे जातो. मला कुणी आत्मविश्वासाचं भाषण दिलं तर नको वाटतं, हा अभंग पुरतो. याच माणसाला ‘धाव घाली विठू आता चालू नको मंद । बडवे मज मारिती’ असं ओरडावं लागलं, समाधी मिळाली ती देवळाच्या बाहेर पायरीशी, आणि दलितांना पंढरपूरच्या देवळात जाता यावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. चोखोबांचा काळ चौदाव्या शतकाचा. सहाशे वर्षं लोक त्यांचे अभंग गात आत जात होते आणि त्यांच्या माणसांना बाहेर ठेवत होते. धर्माच्या ढोंगावर वेगळी कविता शोधायची गरज नाही.

शरीराच्या बाबतीत पण स्वतःचा ‘मी’ असलेले आपल्याकडे आहेत. विदर्भातले गुलाबराव महाराज, १८८१ ते १९१५, तान्हे असतानाच दृष्टी गेली, चौतीस वर्षांचं आयुष्य, आणि त्यात शंभरावर ग्रंथ, अभंग, ओव्या, चर्चा. स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवायचे. ज्या माणसाला कुणीतरी वाचून दाखवायला लागायचं त्याने एवढं लिहिलं. आंधळा म्हणजे अज्ञानी हे समीकरण फळ्यावर लिहिताना निदान खाली एक ओळ गुलाबराव महाराजांची लिहा. बुवा, तुम्हाला तर ते नाव नक्की माहिती आहे, मग आंधळ्याच्या पदावर बोलताना ते तोंडात का येत नाही?

आणि कूर्मदास. माझा सगळ्यात आवडता. पैठणचा, हातपाय नसलेला, कीर्तनात पंढरीचं वर्णन ऐकलं आणि पोटावर सरपटत निघाला. कुर्डुवाडीजवळ लऊळला पोचेपर्यंत थकला, पुढे होईना, वारकऱ्यांजवळ निरोप दिला, आणि विठ्ठल स्वतः लऊळला आला. तिथे त्याचं मंदिर आहे. ही गोष्ट सांगताना सगळा जोर त्याच्या जिद्दीवर असतो, बघा हातपाय नसताना एवढं आला, तुम्ही धडधाकट असून येत नाही. म्हणजे परत आम्ही तुम्हाला लाज आणण्यापुरते. पण गोष्ट ऐका ना नीट. तो पंढरपूरला पोचला नाही. गोष्टीने त्याला पोचवलं नाही, आणि न पोचल्याबद्दल त्याला काही कमी पण केलं नाही. जागा बदलली ती देवाने. ज्याने हे रचलं त्याच्या मनात देव कसा होता हे मला यातून कळतं, आणि देव जर विटेवरून उतरून लऊळपर्यंत येऊ शकतो तर देवळाच्या ट्रस्टला पायऱ्यांच्या बाजूला उतरण करायला काय हरकत आहे हा प्रश्न गोष्टीतूनच येतो, मी बाहेरून आणत नाहीये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक इमारती सगळ्यांना वापरता येतील अशा असाव्यात हे लिहिलेलं आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांवर अपंग माणसं मोजली गेली. त्यातली किती तरी दर एकादशीला टीव्हीवर दर्शन घेतात, आणि ते भक्तीने घेतात, पण त्यांना विचारा त्यांना कुठे असायचं असतं.

सर, मॅडम, तुमच्याकडे एक मागणं. प्रश्नपत्रिकेत ‘पांगळा हे कशाचे प्रतीक आहे’ हा प्रश्न विचारा, पण त्याच्याआधी ‘पांगुळाने दात्यांकडे काय मागितले आणि ते त्याला मिळाले का’ हा विचारा. याचं उत्तर गाईडमध्ये नसेल, कविता वाचावी लागेल. आणि वर्गात कॅलिपरवाला, जाड भिंगाचा, श्रवणयंत्र लावलेला कुणी असेल तर त्या दिवशी त्याच्याकडे बघू नका आणि त्याला टाळू पण नका, कविता इतरांना जशी देता तशी त्यालाही द्या. त्याला त्यातलं तुमच्यापेक्षा जास्त दिसेल कदाचित, बोलला तर ऐका, नाही बोलला तर राहू द्या. माझे जे अंध मित्र आहेत ते स्क्रीन रीडरवर वाचतात, त्यांना स्कॅन केलेल्या पानांची पीडीएफ वाचता येत नाही, तो फोटो असतो, तर अभंग पाठवताना युनिकोडमध्ये टाईप करून पाठवा. चार ओळी टाईप करायला वेळ लागत नाही.

आणि बुवा, तुमच्याकडे. पुढच्या सप्ताहात कुठल्या तरी एका दिवशी निरूपणाला हे पांगुळाचं पद घ्या. पूर्वजन्माचं बोलायचं असेल तर स्वतःच्या पूर्वजन्माचं बोला, अभंगात तसंच आहे. ‘न्या मज तेथवरी’वर आलात की पखवाज थांबवा आणि मांडवातल्या लोकांना विचारा की तुमच्या गल्लीत असं कोण आहे जे आज इथे यायला निघालं होतं आणि कुणी आणलं नाही. नावं येतील, प्रत्येक गल्लीतून येतील. दुसऱ्या दिवशी त्यांना आणायची जबाबदारी तिथल्या तिथे माईकवरून वाटून द्या, तुमचा शब्द गाव मोडत नाही हे मला माहितीय. मांडवाला एका बाजूने पायरी नसलेली वाट ठेवायला सांगा, आणि ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी खुर्च्या, फक्त त्या मागच्या कनातीजवळ लावू नका, टाळकऱ्यांच्या रांगेशेजारी लावा. मला टाळ चांगला वाजवता येतो.

तुमचा,
एक वाचक आणि टाळकरी